डावी सीट

भिवंडीत गाडी चालवता येणारी माणसं दोनच, असं धम्मदिनाचं ठाम मत होतं. एक तिचे पप्पा आणि दुसरी ती स्वतः. बाकीचे सगळे नुसते स्टिअरिंगला लोंबकळतात. रिक्षावाले आंधळे, टेम्पोवाले बहिरे, कंटेनरवाले झोपलेले, आणि नवी गाडी घेतलेले लोक तर माणसांत मोजायच्या लायकीचे नाहीत, हे ती चारचौघांत मोठ्या आवाजात सांगायची. ऐकणाऱ्याच्या बोटात गाडीची किल्ली फिरत असली तर आवाज आणखी चढायचा.

हा माज घरचाच होता. निजामपुऱ्यात, चार बाजूंनी लूमचा खडखडाट चालू असताना, तिच्या वडिलांचं ‘सोमाजी मोटर ट्रेनिंग स्कूल’ उभं होतं. सोमाजी म्हणजे आजोबा. ते जन्मभर सायकलवर फिरले, पण पाटीवर नाव त्यांचं. स्कूल म्हणजे एक गाळा, भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता आणि दारात एक म्हातारी चंदेरी गाडी, जिच्या टपावर तांबड्या अक्षरात ‘L’ लिहिलेली पाटी कायमची ठोकलेली. या गाडीत डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते. शिकणारा उजवीकडे बसायचा, नरेंद्रसर, म्हणजे तिचे पप्पा, डावीकडे. दोन्हीकडचे ब्रेक खालून सळीने जोडलेले, त्यामुळे सरांनी डावीकडचा दाबला की उजवीकडचाही आपोआप खाली जायचा.

धम्मदिना स्कूलमध्ये लायसन्सच्या परीक्षेचे प्रश्न शिकवायची आणि उरलेल्या वेळात मागच्या सीटवर बसून फुकटची करमणूक करून घ्यायची. करमणूक रोज तीच असायची, तरी तिला कंटाळा यायचा नाही. तीन बत्ती नाक्याच्या गर्दीत एखादी शेळी आडवी यायची, शिकाऊ माणूस बावचळायचा, आणि नरेंद्रसरांचा उजवा पाय गुपचूप खाली जायचा. गाडी जागच्या जागी थांबायची. मग तो शिकाऊ कपाळ पुसत म्हणायचा, “बघितलंत सर? कशी थांबवली!”

नरेंद्रसर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, “छान.”

मागे धम्मदिना तोंडात ओढणी कोंबून हसू दाबायची. पायाखालचा ब्रेक आपोआप गेला की आपण दाबला, एवढंही ज्यांना कळत नाही त्यांना सरकार लायसन्स देतं, याचं तिला मनापासून नवल वाटे. संध्याकाळी घरी आल्यावर ती आईला, म्हणजे कौसल्याबाईंना, एकेकाची नक्कल करून दाखवायची. सगळ्यांत रंगायची ती दापोड्याच्या रंजिताची. रंजिता गाडीत बसताना आधी स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करायची आणि गाडी थांबली की “आई गं, थांबली!” म्हणून स्वतःच्याच पाठीवर थाप मारायची. कौसल्याबाई हसून हसून पोळ्या करपवायच्या आणि मग लेकीलाच म्हणायच्या, “लोकांना हसतेस, फार वाईट खोड आहे तुझी.”

धम्मदिनाला स्वतःला लायसन्स मिळून सहा वर्षं झाली होती. रोज रात्री स्कूल बंद झालं की गाडी घरी तीच आणायची. शेजारी अर्थात पप्पा. स्कूलची गाडी माझ्याशिवाय गाळ्यापुढून हलणार नाही, हा त्यांचा नियम होता आणि एरवी धम्मदिना स्कूटरवर फिरायची. सहा वर्षांत त्या गाडीला तिच्या हातून ओरखडा नाही. गाडीचं कौतुकही ती तोंडभरून करायची. “ब्रेक म्हणजे लोणी आहे आमच्या गाडीचा. नुसता पाय ठेवा, थांबलीच.”

एवढं सगळं असून तिला एक गोष्ट मिळत नव्हती, आणि ती होती डावी सीट. तिला शिकवायचं होतं. पप्पांचे गुडघे आता दुखायचे, दुपारच्या बॅचला ते डुलक्या घ्यायचे, आणि बायका तर उघडच म्हणायच्या की ताईंनी शिकवलं असतं तर बरं झालं असतं. तरी धम्मदिनाने विषय काढला की नरेंद्रसर ताटातून मान वर न करता म्हणत, “अजून न्हाय.” का, ते सांगत नसत. तीन वर्षं हेच दोन शब्द ऐकून ती विटली होती. हा माणूस खुर्ची सोडायला तयार नाही, आपल्या पोटच्या पोरीलाही नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि वडिलांविषयीच्या आदरात थोडी तुच्छता मिसळायला तेव्हापासूनच सुरुवात झाली होती.

त्यात ती ऑटोक्रॉसची जाहिरात आली. ठाण्याचा कसलासा हौशी क्लब दापोड्याच्या एका गोदामाच्या आवारात रविवारी स्पर्धा भरवणार होता. काँक्रीटच्या मोकळ्या पटांगणात शंकू मांडायचे, त्यांच्यामधून एकेकाने आपली रोजचीच गाडी पळवायची, जो शंकू न पाडता सगळ्यांत लवकर येईल तो पहिला. धम्मदिनाने जेवताना मोबाइल पप्पांच्या ताटापुढे धरला.

“शंकूभोवती गाडी फिरवायची?” नरेंद्रसर म्हणाले. “मग रिंगमास्तर पण ठेवलाय का?”

“मी उतरणार आहे. पहिली येईन.”

“त्या पोरांत?”

“त्या पोरांत. माज करायलाच जमतात मेले. एकाला तरी गाडी येते का?”

नरेंद्रसरांनी भातावर आमटी घेतली, सावकाश कालवली. “पहिली नको. पहिल्या तिनात ये. सोमवारपासून डावी सीट तुझी.”

“मी ऐकलंय हां,” कौसल्याबाई ओट्याकडून म्हणाल्या. म्हणजे आता शब्द फिरवायची सोय राहिली नाही.

अडचण एकच निघाली. डाव्या बाजूला पायडल असलेली गाडी स्पर्धेत चालणार नव्हती, तसं नियमातच होतं. दुसऱ्या कुणाची तरी गाडी मागायची वेळ आली, आणि मागायची कुणाकडे, तर जिच्या नकला करून आईच्या पोळ्या करपवल्या त्या रंजिताकडे. रंजिताच्या वडिलांनी, लडकूशेठनी, तिला वर्षापूर्वी पांढरी कोरी गाडी घेऊन दिली होती. ती बिचारी लगेच हो म्हणाली. “पण मी पन उतरनार हां त्याच गाडीतून. एका गाडीत दोगी चालतात, मी विचारलंय.”

धम्मदिनाने फोन ठेवला आणि पोट धरून हसली. रंजिता स्पर्धेत! शंकूंनाही नमस्कार करील आधी.

रविवारी सकाळी ती दापोड्याला पोचली तेव्हा तिथलं दृश्य तिच्या अपेक्षेपेक्षाही हास्यास्पद होतं. गोदामाच्या धक्क्याला कापडी फलक, त्यापुढे एक टेबल, टेबलावर माइक, आणि माइकवर विपुल नावाचा एक गोरटेला तरुण, जो क्लबचा सचिव होता आणि स्पर्धकही. त्याच्या हातात कातडी हातमोजे होते. उन्हाळ्यात, दापोड्यात, हातमोजे! त्याचे सोबती गाड्यांच्या टायरातली हवा मोजत होते, बॉनेटवर नंबर चिकटवत होते आणि उभ्या उभ्या हवेत हात वळवून वळणांची तालीम करत होते. एकजण तर डोळे मिटून करत होता. धम्मदिनाने त्याच्याकडे इतक्या उघडपणे बघितलं की त्याने डोळे उघडले आणि हात खिशात घातले.

“हे बघ,” ती रंजिताला म्हणाली. “गाडी येत नसली की माणूस अशी नाटकं करतो.”

रंजिताच्या गाडीची तऱ्हा आणखी वेगळी. वर्ष झालं तरी सीटवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. खाली पायाशीसुद्धा कारखान्यातून आलेला जाड प्लास्टिकचा कागद तसाच होता, कारण लडकूशेठचं म्हणणं, कागद काढला की गाडी जुनी झाली. समोर लिंबू-मिरची. धम्मदिना बसली की सीट कुरकुरायची, पाय हलवला की खालचा कागद चर्र वाजायचा. “गाडी आहे की मिठाईचा पुडा?” तिने विचारलं. रंजिता हसली. तिला राग येत नसे, आणि याचीही धम्मदिनाला कीव यायची.

नरेंद्रसर स्कूलची चंदेरी गाडी स्वतः चालवत आले. सावलीतली एक प्लास्टिकची खुर्ची ओढून, पांढरा शर्ट, खिशाला पेन, हाताची घडी घालून बसले. सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि इतकंच म्हणाले, “चहा तरी बरा मिळतो का हितं?”

खेळ साधा होता. सुरुवातीला सरळ पट्टा, त्यात गाडी जोरात सोडायची. टोकाला दोन रिकामी पिंपं, त्यांना वळसा घालायचा. येताना शंकूंच्या रांगेतून नागमोडी यायचं आणि शेवटी चुन्याने आखलेल्या चौकोनात गाडी थांबवायची. चौकोनाबाहेर गेली की दंड, शंकू पडला की दंड. प्रत्येकाला तीन फेऱ्या, त्यातली सगळ्यांत चांगली धरायची.

विपुलने हातमोजे चढवले आणि पहिली फेरी केली. गाडी पिंपांशी एकदम दबली, फिरली, सुटली, आणि चौकोनात नाक खुपसून उभी राहिली. धम्मदिनाला ते अजिबात आवडलं नाही. “घाई आहे नुसती,” तिने जाहीर केलं.

मग रंजिता. तिने खरोखरच स्टिअरिंगला नमस्कार केला. धम्मदिनाने ओढणी तोंडाशी नेली. पण रंजिताने पट्टा बऱ्यापैकी जोरात पार केला, पिंपांच्या बऱ्याच आधी वेग तोडला, घरातला केर काढावा तशी शांतपणे शंकूंमधून आली आणि चौकोनाच्या मधोमध थांबली. एकही शंकू पडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. “सोपं लावलंय,” धम्मदिना म्हणाली.

आता तिची पाळी. तिने सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, पप्पांकडे एक कटाक्ष टाकला. ते चहा पीत होते. झेंडा पडला आणि तिने गाडी अशी सोडली की विपुलचं माइकवरचं वाक्य अर्धं राहिलं. पट्टा तिने सगळ्यांपेक्षा जोरात कापला, यात शंका नाही. पिंपं जवळ आली. तिने रोजच्यासारखा ब्रेकवर पाय ठेवला.

गाडी थांबायचं नावच घेईना. पाय ब्रेकवर होता आणि पिंपं मात्र मोठी होत चालली होती. तिने स्टिअरिंग ओढलं, गाडी घसरत पिंपांच्या बाजूने गेली आणि कडेला रचलेल्या जुन्या टायरांच्या ढिगाला बॉनेट टेकवून उभी राहिली. तिथून ती मागे आली, वळली, नागमोडी रांगेतले निम्मे शंकू घेऊन पुढे आली आणि शेवटच्या चौकोनातून आरपार निघून थेट माइकच्या टेबलापर्यंत गेली. विपुल खुर्चीसकट मागे सरकला.

“चौकोन इकडे होता, मॅडम,” तो माइकवर म्हणाला. सगळं पटांगण हसलं. डोळे मिटून तालीम करणारा पोरगा सगळ्यांत जोरात हसला.

धम्मदिना उतरली ती तरातरा रंजिताकडे. “ब्रेक लागत नाहीत तुझ्या गाडीला. मारलं असतं आज मला. अशी गाडी देतात का कुणी?”

रंजिताने आधी बॉनेट तपासलं. टायरची काळी रेघ उमटली होती, ती पदराने पुसली. “ब्रेक चांगले हायत गं. आता मीच ना चालवली? जरा जोरात दाबावं लागतं.”

“मला शिकवू नकोस. ब्रेक कसा दाबायचा ते मला नको सांगू.”

“न्हाय सांगत,” रंजिता म्हणाली. “पन माजं बी असंच झालेलं. गाडी आली त्या पयल्या दिवशी. कंपाउंडची भिंत पाडली मी, बाबा अजून बोलतान.”

“तुझं झालं असेल,” धम्मदिना म्हणाली. ‘तुझं’ या शब्दावर तिने सगळा जोर दिला.

आवाज ऐकून नरेंद्रसर आले. काय झालं ते न विचारता त्यांनी उजवीकडचं दार उघडून हाताने ब्रेक दाबून बघितला, मग पायाने.

“पप्पा, खराब आहे ना? तुम्हीच सांगा यांना. दगड झालाय नुसता.”

“तू चालव. मी बाजूला बसून बघतो.”

सोबत एकाला बसायची परवानगी होती, डोक्यावर हेल्मेट मात्र हवं. विपुलने दिलेलं हेल्मेट नरेंद्रसरांच्या डोक्याला लहान झालं. गाल पुढे आले, चष्मा तिरका झाला, आणि धम्मदिनाला एवढ्यातही हसू आलं. ते डावीकडे बसले. त्या बाजूला पायाशी काही नव्हतं, नुसता तो प्लास्टिकचा कागद.

दुसरी फेरी सुरू झाली. या वेळी तिने पट्ट्यावर गाडी जरा बेताने सोडली. पिंपं अजून लांब होती, ब्रेकचा विचारही तिच्या मनात आला नव्हता, तेवढ्यात शेजारून आवाज आला. चर्र.

मग तिने ब्रेकवर पाय ठेवला. गाडी पुन्हा तशीच पुढे निघाली. चर्र, चर्र, शेजारचा आवाज वाढला. पिंपांना वळसा कसाबसा पडला, एक पिंप आडवं झालं. शंकूंच्या रांगेत शिरताना पुन्हा तेच. प्रत्येक शंकूच्या आधी, अगदी जिथे गाडी हळू व्हायला हवी नेमकं तिथे, चर्र. तिने खाली बघितलं.

पप्पांचा उजवा पाय होता तो. काळा बूट कागदावर रुतला होता, मांडी ताणलेली, आणि गाडीचा वेग कमी होत नाही म्हणून तो पाय आणखी आणखी दाबत होता. मागच्या सीटवरून हा पाय तिने हजारदा बघितला होता. उजव्या सीटवरून कधीच नाही, कारण तिथे बसली की ती रस्त्याकडे बघायची.

तिने अ‍ॅक्सिलरेटर सोडला. गाडी दोन शंकू पोटाखाली घेऊन आपली आपणच थांबली, पटांगणाच्या मधोमध. माइकवर विपुल काहीतरी बोलला, लोक हसले. तिला ते ऐकूच आलं नाही.

“पप्पा, तुमचा पाय.”

नरेंद्रसरांनी खाली बघितलं. पाय अजून कागदावर रोवलेलाच होता. त्यांनी तो हळूच मागे घेतला.

“मी चालवताना पण?”

“सवय हाय,” ते हेल्मेटमधून म्हणाले. “बाजूला कुणी बी असलं तरी दाबतो. यष्टीत बसलो तरी दाबतो.”

“सहा वर्षं?”

ते सवयीने खिडकीबाहेर बघायला गेले. हेल्मेटमुळे तोंड लपवता येत नव्हतं, वळवताही येत नव्हतं.

धम्मदिनाचे कान तापले. लोणी! नुसता पाय ठेवा, थांबलीच! पाय ठेवायच्या आधीच कुणीतरी थांबवलेली असायची ती. रोज रात्री घरापुढे गाडी लावून ती पप्पांकडे बघायची आणि पप्पा खिडकीबाहेर बघून म्हणायचे, “छान.” तोच शब्द, त्याच सुरात, शेळीवाल्या शिकाऊला म्हणायचे तसा. आणि मागच्या सीटवर तेव्हा कुणी नसायचं, एवढाच काय तो फरक. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मला सांगितलं का नाही?”

“मागं बसून लोकांना हसायचीस,” नरेंद्रसर म्हणाले. “मला वाटायचं, एवढं बघते तर हिला आपलं आपल्याला कळंल. आज कळंल, उद्या कळंल. न्हाय कळलं.”

“म्हणून अजून न्हाय, अजून न्हाय?”

“तिथं बसणाऱ्याला दुसऱ्याचा पाय कळावा लागतो, दिना. तुला तुझाच...” त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि हेल्मेटचा पट्टा खेचू लागले. तो निघेना. शेवटी तिनेच काढून दिला.

“हसायचात का मला?” तिने विचारलं. “मनातल्या मनात?”

“पहिल्या वर्षी,” ते म्हणाले. “नंतर भ्या वाटायला लागलं. कधीतरी दुसऱ्याची गाडी घेशील, आणि मी बाजूला नसणार.”

तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण आला तो संताप, आणि तो नक्की कुणाचा हे तिला ठरवता येईना. पप्पांचा म्हणावं तर त्यांनी तिला वाचवलंच होतं. स्वतःचा म्हणावं तर तशी सवय नव्हती. आजवर तिने जगातल्या प्रत्येक माणसावर नाक मुरडलं होतं, आता तेच नाक स्वतःवर मुरडायची वेळ आली आणि ते कसं करतात हे तिला ठाऊक नव्हतं.

तिसरी फेरी तिने एकटीने केली. नको म्हणून निघून जाता आलं असतं, पण मग त्या डोळे मिटणाऱ्या पोराला जन्मभराचा विषय मिळाला असता. ती बसली, आणि गाडी सुरू करण्याआधी तिने ब्रेक दाबून बघितला. नुसता पाय ठेवून नव्हे, पोटरी दुखेपर्यंत. दगड नव्हता तो. ब्रेक असतो तसा ब्रेक होता.

पट्टा तिने इतका हळू पार केला की माइकवर विपुलला बोलायला काही सुचेना. पिंपांच्या कितीतरी आधी तिने ब्रेक दाबला, नको इतका दाबला, गाडी जवळजवळ उभीच राहिली, पुन्हा पहिला गिअर टाकावा लागला. शंकूंमधून ती एकेका शंकूची विचारपूस करत आल्यासारखी आली. एकही पडला नाही. चौकोनात थांबली तेव्हा टाळ्या फक्त रंजिताने वाजवल्या, आणि त्या तिला टोचल्या.

निकालात पहिला विपुल आला. हातमोज्यांनी काही बिघडवलं नव्हतं. रंजिता मधेच कुठेतरी होती आणि त्यावरच खूश होती. धम्मदिना शेवटून दुसरी. तिच्याही मागे राहिलेल्या माणसाची गाडी पट्ट्यावर बंद पडली होती. डावी सीट गेली. तसं कुणी बोललं नाही, पण बोलायची गरजही नव्हती.

तिने रंजिताच्या हातात किल्ली दिली. काहीतरी म्हणायला हवं होतं. सॉरी म्हणणं तिच्या जिभेला माहीत नव्हतं. “भिंत कुठली पाडलीस?” तिने विचारलं.

“गोठ्याकडची,” रंजिता म्हणाली. “ये कदी, दाखवते. अजून तशीच हाय, बाबांनी मुद्दाम बांदली न्हाय.” आणि ती हसली. त्या हसण्यात टोमणा शोधून धम्मदिना थकली, सापडला नाही.

स्कूलच्या चंदेरी गाडीशी नरेंद्रसर उभे होते. सवयीने ते डावीकडचं दार उघडून बसले. धम्मदिना उजवीकडे बसली, पट्टा लावला, आणि किल्ली फिरवली नाही.

“पप्पा, पाय वर घ्या.”

“काय?”

“मांडी घालून बसा. सीटवर.”

“माझे गुडघे...”

“दुखू देत.”

नरेंद्रसरांनी तिच्याकडे बघितलं. आयुष्यात त्यांनी अनेक शिकाऊंना हुकूम सोडले होते, ऐकायची वेळ कधी आली नव्हती. मग त्यांनी बूट काढले, एक पाय हाताने उचलून वर घेतला, दुसरा त्यावर ठेवला. गुडघे समोरच्या फळीला टेकले. पंगतीत बसावं तसे ते गाडीत बसले आणि दोन्ही हातांनी स्वतःचा उजवा घोटा धरून ठेवला.

दापोड्याहून अंजूरफाट्याकडे यायचा रस्ता रविवार असूनही कंटेनरांनी भरला होता. धम्मदिना डाव्या कडेने, दबकत, कुणालाही शिव्या न घालता निघाली. मागून हॉर्न वाजत होते. टपावरची ‘L’ ची पाटी तिला लहानपणापासून खुपायची, लोक आपल्याला शिकाऊ समजतात म्हणून. आज पाटी आहे ते बरं, असं तिला वाटलं आणि स्वतःचीच चीड आली.

फाट्याच्या अलीकडे सुताच्या कोमांनी, म्हणजे मोठ्या रिळांनी, भरलेला एक टेम्पो बाजूने घुसला आणि समोर येऊन गपकन थांबला. शेजारी पप्पांचा गुडघा उडाला, हातांनी तो दाबून धरला. त्यांच्या घशातून चमत्कारिक आवाज आला. धम्मदिनाने ब्रेक दाबला. त्याच गाडीचा तोच ब्रेक, पण आज तिच्या पायाखाली आपोआप काही गेलं नाही. तिला रेटावा लागला, टाच उचलून, सगळं वजन टाकून. लोणी वगैरे काही नव्हतं, चांगलाच जड होता. सहा वर्षांत तिने तो पहिल्यांदा दाबला होता. गाडी टेम्पोच्या इतक्या जवळ उभी राहिली की कोमांवरच्या चिठ्ठ्या वाचता याव्यात.

टेम्पोवाल्याने मागे वळून बघितलं. “अरे मॅडम, किधर से सीखा?”

एरवी अशा माणसाची धम्मदिनाने सात पिढ्यांपर्यंत खबर घेतली असती. ती नुसती स्टिअरिंग धरून बसली. मग तिने पप्पांकडे बघितलं आणि वाट बघितली. ते आता मान फिरवतील आणि म्हणतील, ‘छान’. म्हटलं तर उतरून चालत घरी जायचं, असं तिने ठरवलंही.

नरेंद्रसरांनी मान फिरवली नाही. ते सरळ तिच्याकडे बघत होते, घामेजलेले, घोटा अजून हातात.

“उशिरा दाबलास,” ते म्हणाले. “टेम्पोचं तोंड वळलं तेव्हाच दाबायला पायजे होतास.”

“हो,” धम्मदिना म्हणाली. तिने वडिलांना उलट उत्तर दिलं नाही असं बऱ्याच वर्षांनी झालं.

टेम्पो हलला. तिने पहिला गिअर टाकला.

“सोमवारी...” नरेंद्रसरांनी सुरुवात केली.

“सोमवारी पण मांडी,” ती म्हणाली, आणि पुढचा खड्डा येण्याच्या बऱ्याच आधी ब्रेक दाबला.